बंद पडलेला जुना फिल्म कॅमेरा दुरुस्त करावा का? खर्च विचारण्याआधी घरी करायची तपासणी

आजोबांच्या कपाटातून निघालेला यशिका असो, बंद झालेल्या स्टुडिओतला पेंटॅक्स असो की पुण्याच्या जुन्या बाजारात उचललेला झेनिट, कॅमेरा चालत नाही म्हटलं की लोक आधी दुरुस्तीचा खर्च विचारतात. तो प्रश्न नंतरचा. आधी कळायला हवं की बिघाड कुठे आहे. बिघाड किती मोठा दिसतो यावर फिल्म कॅमेऱ्यात फारसं काही ठरत नाही. तो कोणत्या जागी आहे यावर जवळपास सगळं ठरतं. शटर (फिल्मवर क्षणभर उजेड सोडणारं झाकण) ठार अडकलेला कॅमेरा पुष्कळदा फक्त सुकलेल्या ग्रीसमुळे अडकलेला असतो आणि एकदा नीट सर्व्हिसिंग झालं की वर्षानुवर्षं चालतो. याउलट ओरखडाही नसलेला, खोक्यातून आत्ताच काढल्यासारखा दिसणारा कॅमेरा कायमचा गेलेला असू शकतो, कारण त्याच्या आतलं सर्किट आता कोणी बनवत नाही.

खालची तपासणी दिलेल्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या पायऱ्यांना पैसे लागत नाहीत, आणि कधी कधी तिथेच निकाल लागतो. जवळ एक चांगला टॉर्च, मोबाइल, नवे सेल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि हवा मारायचा रबरी ब्लोअर ठेवा. स्क्रूड्रायव्हर मात्र दूर ठेवा. कारागिरांना सर्वात जास्त त्रास होतो तो घरी अर्धवट उघडलेल्या कॅमेऱ्यांचा.

मागचं झाकण उघडण्याआधी

आत रोल असू शकतो. घरातल्याच कॅमेऱ्यात तर तो असण्याची शक्यता बरीच असते, आणि त्यावर आज हयात नसलेली माणसं असू शकतात. म्हणून झाकणाला हात लावण्याआधी ३५ मिमी कॅमेऱ्यात डावीकडची रोल गुंडाळायची छोटी चक्री बाणाच्या दिशेने अलगद फिरवा. थोडी फिरून ताण लागला तर आत रोल आहे. खालचं बारीक बटण दाबून तो पूर्ण गुंडाळून घ्या. ताण सुटून चक्री मोकळी फिरू लागली की काम झालं. गुंडाळला जात नसेल तर जबरदस्ती करू नका, काळ्या चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून काम करायच्या, उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) किंवा पूर्ण अंधाऱ्या खोलीत झाकण उघडून काढा. १२० रोलच्या कॅमेऱ्यात मागच्या लाल खिडकीतून कागद किंवा आकडा दिसतो का ते बघा.

कृष्णधवल रोल अनेक दशकांनंतरही चित्र देतात. रंगीत रोलचे रंग उडालेले असतात, तरी तो कृष्णधवल रसायनात धुतला तर पुष्कळदा आकृती हाती लागतात. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मची मूळ प्रक्रिया २०१० च्या अखेरीस जगभर थांबली, पण त्याचाही रोल कृष्णधवल धुता येतो. रोल किती जुना आहे हे लॅबला आधीच सांगा. एखाद्या घरासाठी त्या कॅमेऱ्यापेक्षा हा रोलच मोलाचा ठरतो.

कॅमेरा नेमका कशासाठी हवा आहे?

हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. फक्त आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर पैसे घालू नका: सेल काढा, बाहेरून पुसा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, झालं. दुरुस्त करून विकायचा असेल तर साध्या मॉडेलांमध्ये दुरुस्तीचा खर्च सहसा निघत नाही. रोलायफ्लेक्स किंवा लायकासारख्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी. स्वतः फोटो काढायचे असतील तर पुढे वाचा. आणि तो आईवडिलांचा कॅमेरा असेल आणि त्यातूनच फोटो काढायचे असतील, तर बाजारभावाचा हिशेब बाजूला ठेवायला काहीच हरकत नाही. मात्र तिथेही दुरुस्ती शक्य आहे की नाही ही तपासणी टळत नाही.

त्यात घालायची फिल्म मिळते का?

३५ मिमी आणि १२० या दोन्ही मापांच्या फिल्म आज मिळतात. ११० च्या पातळ कार्ट्रिज लोमोग्राफी कंपनीने २०१२ मध्ये पुन्हा आणल्या, त्यामुळे ते छोटे खिशातले कॅमेरे वापरता येतात, पण त्यांच्या दुरुस्तीत पैसे घालावेत असं मला वाटत नाही. कोडॅकने ६२० आणि १२७ ही मापं १९९५ मध्ये बंद केली. त्यातली ६२० म्हणजे १२० चीच फिल्म, फक्त रीळ बारीक. अंधारात एका रिळावरून दुसऱ्यावर गुंडाळता येते. १२६ च्या कार्ट्रिजचा कॅमेरा असेल तर इथेच थांबा.

आपल्याकडे घरोघरी असलेला आग्फा क्लिक थ्री १२० चा रोल घेतो आणि सहा बाय सहाचे बारा फोटो देतो. त्यात एक साधं भिंग आणि एक स्प्रिंगचं शटर, बिघडायला जवळपास काही नाहीच. बहुतेकदा स्वच्छ केला की तो चालतो, म्हणून क्लिक थ्री सहसा टाकू नका.

सेलचा कप्पा

नाण्याने किंवा नखाने झाकण उघडा. पांढरी किंवा हिरवट-निळी पूड दिसली तर सेल गळला आहे. एवढ्याने घाबरू नका. अल्कलाइन सेलची गळती कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन निघते. मग अल्कोहोलने पुसा आणि धातू चकचकीत होईपर्यंत हलक्या हाताने घासा. खरी भीती कप्प्यातून आत जाणाऱ्या तारेची असते. गंज तारेच्या आवरणाखालून वर चढत सर्किटपर्यंत पोचतो. साध्या यांत्रिक कॅमेऱ्यात तार बदलणं किरकोळ काम आहे, पण इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात सर्किटची पट्टी गंजली असेल तर आशा फार कमी.

१९६० आणि ७० च्या दशकातले अनेक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. ते सेल आता मिळत नाहीत. त्यांच्या जागी श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल चालतो; त्याचा दाब सुमारे १.४ व्होल्ट असतो. तो आकाराने लहान असल्याने भोवती रबरी कडी किंवा अडॅप्टर लागतो आणि तो काही आठवडेच टिकतो. सेल मिळत नाही म्हणून चांगला कॅमेरा मोडीत काढू नये. मीटर (कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग) मेलं तरी मोबाइलमधलं लाइट मीटरचं ॲप पुरतं, आणि लख्ख उन्हात तर तेही नको: अ‍ॅपर्चर (भिंगातून उजेड आत सोडणारं छिद्र) १६ ठेवा आणि शटरची गती १ भागिले फिल्मचा आयएसओ (तिची उजेडाची संवेदनशीलता दाखवणारा आकडा) एवढ्या सेकंदाच्या जवळची.

शटर: इथे वेळ घ्या

सगळ्यात जास्त निर्णय इथे होतात.

सुरुवातीलाच दोन सूचना. जुन्या भिंगात बसवलेल्या शटरवर सेल्फ टायमरची छोटी दांडी असते, तिला हात लावू नका. तिच्या आतलं यंत्र वर्षानुवर्षं न हलल्यामुळे अडकलेलं असतं आणि ते सोबत शटरलाही अडकवतं. दुसरं, रशियन फेड किंवा झॉर्की असेल तर आधी रोल पुढे सरकवायची लिव्हर किंवा चावी फिरवून शटर भरा, म्हणजे त्याची स्प्रिंग ताणून तयार ठेवा, आणि मगच गती बदला. उलट केलं तर आतले दाते बिघडतात.

आता अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागचं झाकण उघडा आणि १ सेकंदावर शटर दाबून कान द्या. निरोगी शटरचा आवाज सलग आणि एकसारखा येतो. मध्येच दम लागल्यासारखा अडखळला, एक सेकंदाऐवजी तीन सेकंद घेतले किंवा उघडाच राहिला, तर संथ गतीच्या गिअरमधलं तेल सुकलं आहे. सर्व्हिसिंगने नीट होणारं हे सर्वात सामान्य दुखणं आहे. १/२५० आणि १/५०० सेकंदावर नीट चालतो पण १/१५ च्या खाली अडखळतो, असा कॅमेरा स्वस्तात मिळाला तर आनंदाने घ्या.

मोजायचं असेल तर मोबाइल पुरेसा आहे. व्हिडिओ स्लो मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा. कॅमेऱ्याचं भिंग उजळ खिडकीकडे करा, उघड्या पाठीमागून चित्रण करा आणि नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत किती फ्रेममध्ये उजेड दिसतो ते मोजा. १/३० ला साधारण ८ फ्रेम यायला हव्यात, १/६० ला ४, १/८ ला ३०. त्याहून वेगवान गतींसाठी ही पद्धत विश्वासाची नाही. १/३० ला ८ ऐवजी ९-१० फ्रेम आल्या तर चिंता नको, निगेटिव्ह फिल्म तेवढा फरक सहज सांभाळते. १६ आल्या तर मात्र सर्व्हिसिंग हवंच.

पुढचं शटरच्या जातीवर आहे. यशिका मॅट, कॅनोनेट, रोलायकॉर्ड यांसारख्या कॅमेऱ्यांत शटर भिंगाच्या आत असतं आणि त्याला पातळ पाती असतात. पात्यांवर तेलाचा ओशट डाग दिसला की ती एकमेकांना चिकटतात. बाहेरून कॅमेरा मेलेला वाटतो: दाबलं, टक् असा आवाज आला, पण उघडलंच नाही. कुशल हाताला ही सफाई अवघड नाही. पातं वाकलं किंवा तुटलं असेल तर मात्र त्याच मॉडेलचा दुसरा कॅमेरा फोडल्याशिवाय इलाज नाही.

पेंटॅक्स, झेनिट किंवा कॅनन एई-१ मध्ये फिल्मच्या पुढ्यात रबर लावलेले कापडी पडदे असतात. अंधाऱ्या खोलीत भिंग काढून पुढून टॉर्च मारा आणि मागून बघा. चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर पडद्याला भोकं आहेत. दोन-चार बारीक भोकं काळ्या लवचिक रंगाने बुजवता येतात. पडदा कडक होऊन सुरकुतला असेल तर तो बदलावा लागतो, ते मोठं काम आहे आणि ते करणारे हात कमी आहेत. आणखी एक खूण बघा: सर्वात वेगवान गतीवर, आकाशाकडे धरून मागून पाहिलं तर चौकटीची एक बाजू अंधारी दिसते का? दोन पडद्यांच्या चालीत मेळ राहिला नाही की असं होतं. सफाई आणि स्प्रिंगचा ताण जुळवल्याने ते बरं होतं.

काही मॉडेलांची दुखणी इतकी ठरलेली आहेत की ती ओळखली तर घासाघीस करायलाही सोपं जातं. कॅनन एई-१ चं शटर दाबल्यावर बारीक चीं असा आवाज येतो. भिंगामागच्या आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकलेलं असतं. योग्य जागी तेलाचा थेंब गेला की तो थांबतो. यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये लिव्हर फिरवताना आतून खट् असा स्पष्ट आवाज यायला हवा. तो आला नाही तर आतला रबराचा छोटा तुकडा झिजून गेला आहे आणि प्रकाशमापनाची यंत्रणा चुकीची गती देत असणार. कॅमेरा बराच खोलावा लागतो, पण दुरुस्ती माहितीतली आहे. मिनोल्टा एक्स-७०० ची लिव्हर अडकली आणि शटरही सुटेना, तर पुष्कळदा एक छोटा कपॅसिटर गेलेला असतो. कपॅसिटर अगदी स्वस्त असतो, सोल्डरिंग करणारा हात मात्र कॅमेरा ओळखणारा हवा.

भिंग: टॉर्चचा उजेड तिरका टाका

आपल्या हवेत भिंगाचा शत्रू बुरशी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवेतली आर्द्रता बुरशीला हवी तेवढी असते, आणि लोक कॅमेरा जपून ठेवायचा म्हणून चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवतात. चामडं ओल धरतं, केसमधून ती भिंगात जाते. तुमचा कॅमेरा अजूनही केसमध्ये असेल तर आजच बाहेर काढा.

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) धरून ठेवा आणि टॉर्च सरळ न धरता तिरका धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे एकसारखं धुकं दिसलं तर तेलाची वाफ किंवा ओल, हे सहसा निघतं. कडेला इंद्रधनुष्यासारखी वलयं किंवा चमकती चकती दिसली तर दोन भिंगं जोडणारा डिंक सुटला आहे. ती दुरुस्ती साध्या कॅमेऱ्यात परवडत नाही. धूळ सोडून द्या, थोड्या धुळीने फोटोवर काहीही फरक पडत नाही. काही जुन्या भिंगांचा, उदाहरणार्थ ५० मिमी १.४ च्या सुपर टाकुमारचा, पिवळटपणा हा दोष नव्हे. त्यातल्या थोरियमयुक्त काचेमुळे तो येतो आणि काही दिवस उन्हात ठेवल्याने बराच उतरतो.

बुरशीबद्दल माझं मत असं, की ती आहे की नाही यापेक्षा ती कुठे आहे हे बघावं. पुढच्या किंवा मागच्या भिंगाच्या आतल्या बाजूला असेल तर कारागीर ते भिंग काढून पुसतो. जोडलेल्या दोन भिंगांच्या मधे असेल तर तिथे पोचता येत नाही. फार जुनी बुरशी काचेवरचा थर आणि नंतर काचही खाते. पुसल्यावरही धाग्यांचे व्रण राहतात. तरी थोडे व्रण असलेलं भिंग साध्या उजेडात बरे फोटो देतं, उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोंत मात्र फिकटपणा येतो.

दोन भिंगांच्या यशिका मॅटमध्ये किंवा रोलायफ्लेक्समध्ये वरचं भिंग फक्त बघण्यासाठी असतं. बुरशी त्यातच असेल तर फोटोवर काही परिणाम नाही, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तुमचा फायदा आहे. भिंग बदलता येणाऱ्या पेंटॅक्स किंवा निकॉनमध्ये तर बुरशीवाल्या भिंगापायी बॉडी टाकायचं कारणच नाही, ५० मिमीचं दुसरं भिंग मिळतं. भिंग पक्कं बसवलेल्या ऑलिंपस ट्रिप किंवा कॅनोनेटमध्ये मात्र भिंग गेलं की कॅमेरा गेला.

ट्रिप ३५ हातात असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. १९६७ ते १९८४ या काळात बनलेल्या या कॅमेऱ्याला सेल लागत नाही. भिंगाभोवतीच्या, उजेडावर वीज तयार करणाऱ्या सेलेनियमच्या कडीवर तो चालतो. ए वर (म्हणजे ऑटोवर) ठेवून भिंग हाताने झाका आणि बटण दाबा: खिडकीत लाल पट्टी वर यायला हवी आणि शटर सुटायला नको. मग उजेडाकडे करून दाबा: शटर सुटायला हवं. उजेडातही लाल पट्टीच येत असेल तर सेलेनियम मेलं किंवा सुई अडकली.

फोम, बेलो, आरसा

मागच्या झाकणाच्या खाचांमधला काळा फोम हाताला डांबरासारखा चिकटत असेल तर तो कुजला आहे. हे वयोमानाने होतंच, आणि यासाठी कॅमेरा नाकारू नये. लाकडी टूथपिक आणि अल्कोहोलने जुना फोम खरवडा, चुरा शटरवर पडू देऊ नका, आणि त्या जागी काळी लोकर किंवा पातळ चिकट फोम बसवा. सेलचा कप्पा पुसण्याखेरीज घरी करता येण्याजोगं हे एकच काम मी सुचवेन. आरशाला मात्र बोट लावू नका, त्याचा चकचकीत थर काचेच्या वरच्या बाजूला असतो आणि पुसला की निघतो. ऑलिंपस ओएम-१ मध्ये प्रिझमवरचा (चित्र डोळ्यापर्यंत आणणाऱ्या काचेच्या ठोकळ्यावरचा) फोम कुजून प्रिझमचीच चांदी खातो. व्ह्यूफाइंडरमधून काळे डाग दिसू लागले की समजा. फोटोवर ते येत नाहीत, पण लवकर उघडून फोम काढला तर प्रिझम वाचतो.

घडीच्या कॅमेऱ्यांमध्ये, विशेषतः आग्फा आयसोलेटमध्ये, बेलोच्या (भिंग आणि कॅमेऱ्याची पाठ जोडणाऱ्या घडीदार पिशवीच्या) घड्यांच्या कोपऱ्यांना भोकं पडतात. अंधारात आतून टॉर्च लावून बघा. याच कॅमेऱ्यांचं फोकस फिरवायचं कडं घट्ट अडकतं, कारण कारखान्यात लावलेलं हिरवं ग्रीस दगडासारखं होतं. ते सुटतं. नवा बेलो मात्र शोधावा लागतो आणि त्याची किंमत आधी विचारून घ्यावी.

यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक

सेल काढून कॅमेरा सगळ्या गतींवर चालतो का? चालत असेल तर तो यांत्रिक आहे आणि दुरुस्तीच्या बाजूने पारडं जड झालं. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७), निकॉन एफएम२ (१९८२ पासून), यशिका मॅट १२४जी, झेनिट ई हे सगळे असे. पेंटॅक्स आणि निकॉनमध्ये सेल फक्त मीटरसाठी लागतो. त्यांतले बहुतेक बिघाड धातू, स्प्रिंग आणि तेलाचे असतात आणि जाणता कारागीर ते हाताने सोडवू शकतो.

१९७६ च्या कॅनन एई-१ ला सेलशिवाय शटर सोडताच येत नाही. यशिका इलेक्ट्रो ३५ सेलशिवाय फक्त १/५०० वर चालतो. अशा कॅमेऱ्यात नवा सेल घातल्यावर काहीतरी जिवंतपणा दिसला, दिवा लागला, सुई हलली, तर पुढे जा. संपर्क स्वच्छ केल्यावरही पूर्ण शांतता असेल तर मी पैसे घालणार नाही. घरचा असेल तरच दुसऱ्या कोणाला दाखवेन. १९८० आणि ९० च्या दशकातले मोटरवर रोल सरकवणारे प्लास्टिकचे ऑटोफोकस कॅमेरे बंद पडले तर जवळपास कोणीच उघडत नाही.

पाण्यात गेलेला कॅमेरा

सांगली-कोल्हापुरात २०१९ मध्ये आणि चिपळूणमध्ये २०२१ मध्ये पाणी घरांत आणि दुकानांत शिरलं. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यातला बारीक गाळ गिअरच्या दातांत आणि पात्यांत बसतो आणि सुकल्यावर घट्ट होतो. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने गाळ निघत नाही आणि वर पीठ आत जातं. यांत्रिक कॅमेरा असेल तर सेल काढा, शटर एकदाही दाबू नका आणि शक्य तितक्या लवकर खोलणाऱ्या माणसाकडे न्या. महिनाभराने नेलेल्या कॅमेऱ्यात लोखंडी भाग गंजलेले असतात. समुद्राच्या पाण्यात पडलेल्या कॅमेऱ्याची आशा सोडावी हेच बरं. आत भिजलेला रोल असेल तर तो सुकवू नका. ओलाच, थंड जागी ठेवून लॅबमध्ये द्या.

आता हिशेब

बहुतेकांचा हिशेब इथे चुकतो. समजा तुमच्या के१००० च्या सर्व्हिसिंगला चार हजार सांगितले आणि ऑनलाइन तसाच "चालू" कॅमेरा सहा हजारांना दिसतो. लोक म्हणतात, फरक दोनच हजारांचा, चालूच घेऊ. पण विकणाऱ्याच्या लेखी चालू म्हणजे बटण दाबल्यावर आवाज येतो. त्या कॅमेऱ्यातलंही तेल तितक्याच वर्षांचं आहे, फोम तितकाच कुजलेला आहे, आणि लवकरच त्यालाही सर्व्हिसिंग लागणार. म्हणून तुलना करायची ती सर्व्हिसिंग झालेल्या, गती मोजलेल्या कॅमेऱ्याच्या किमतीशी. असं पाहिलं की सरळसाध्या बिघाडाचा यांत्रिक कॅमेरा दुरुस्त करणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

बिघाड एकाच जागी असेल तर दुरुस्त करा. दोन मोठ्या जागी असेल, म्हणजे पडदा फाटलाय आणि भिंगाला व्रणही आहेत, तर त्याच मॉडेलचा दुसरा बंद कॅमेरा शोधा ज्यात नेमके हे भाग चांगले आहेत. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, जुन्या स्टुडिओवाल्यांची कपाटं, इथे असे कॅमेरे निघतात. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरा, छोट्या भागाची किंमत त्याने सहज दुप्पट होते. तळाच्या चौकटीत, म्हणजे भिंग जिथे बसतं ती कडी किंवा फिल्म सरकते त्या पट्ट्यांत वाक किंवा खोल गंज असेल तर बाकी काहीही चांगलं असलं तरी तो कॅमेरा सुट्या भागांसाठीच ठेवा. फिल्टरच्या कडीला पोचा असेल तर त्याकडे लक्षच देऊ नका.

पुढचा खर्चही आत्ताच धरा. रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन मिळून आज सहज हजाराच्या वर जातात. वर्षाला दोन रोल काढणार असाल तर महागडी दुरुस्ती पटायला कठीण आहे. महिन्याला एक काढणार असाल तर सर्व्हिसिंगचा खर्च त्यापुढे थोडा वाटेल.

कारागिराला काय विचारायचं

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे चौकशी केली की जुन्या कॅमेऱ्यांवर हात बसलेल्या माणसांचे पत्ते मिळतात. अशी माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांना वेळ द्या, घाई करू नका आणि त्यांच्या कामाचं मोल कमी करू नका.

हेच मॉडेल आधी उघडलं आहे का, हे सरळ विचारा. नसेल तर तसं सांगणारा माणूस चांगला. नुसतं बघण्याचे पैसे किती, दुरुस्ती झाली नाही तर किती, भाग बदलला तर जुना परत मिळेल का, काम झाल्यावर शटरच्या गती मोजून देणार का, आणि किती महिन्यांत पुन्हा बिघडला तर बघून देणार, हे कागदावर घ्या. स्क्रूची डोकी आधीच खरवडलेली असतील तर कोणीतरी आधी उघडला होता हे त्यांना सांगा. आणि गंज काढायचा स्प्रे आत मारून चालू करून देतो असं कोणी म्हणालं तर कॅमेरा उचलून परत या. तो स्प्रे पसरत पात्यांवर आणि भिंगावर जातो आणि काही महिन्यांत कॅमेरा पहिल्यापेक्षा वाईट होतो.

परत आल्यावर पहिला रोल

दुरुस्त कॅमेरा थेट लग्नाला किंवा सहलीला नेऊ नका. आयएसओ २०० चा साधा निगेटिव्ह रोल घाला आणि मोकळ्या सावलीतली एक भिंत सहा वेळा टिपा: अ‍ॅपर्चर २.८ ला १/१०००, ४ ला १/५००, ५.६ ला १/२५०, ८ ला १/१२५, ११ ला १/६०, १६ ला १/३०. शेवटच्या फ्रेमला कॅमेरा तिपाईवर ठेवा. तुमच्या कॅमेऱ्यात एखादी गती किंवा अ‍ॅपर्चर नसेल तर तेवढी फ्रेम सोडा. मग एक फोटो लांबच्या डोंगराचा, एक अगदी जवळून वर्तमानपत्राचा, दोन्ही पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर. एक फोटो उजेडाकडे तोंड करून. रोल अर्धा झाला की कॅमेरा दहा मिनिटं भिंगावर झाकण लावून उन्हात ठेवा आणि मग पुढचे फोटो काढा. प्रत्येक फ्रेमची नोंद वहीत करा.

लॅबकडून निगेटिव्ह परत मागा आणि निकाल त्यांवरच पाहा. स्कॅन करताना यंत्र उजेड आपोआप सारखा करतं, त्यामुळे स्कॅनमध्ये शटरचे दोष लपतात. पहिल्या सहा फ्रेम निगेटिव्हवर सारख्याच गडद हव्यात. एखादीच वेगळी असेल तर ती गती चुकते आहे. फ्रेमची एक बाजू फिकी असेल तर पडद्यांचा मेळ नाही. काळपट पट्टा फिल्मच्या कडेच्या भोकांपर्यंत पसरला असेल तर झाकणाच्या फोममधून उजेड शिरतो आहे, आणि तो फक्त फ्रेमच्या आतच थांबत असेल तर पडद्याला किंवा बेलोला भोक आहे. दोन फ्रेममधली अंतरं कमीजास्त असतील तर रोल सरकवायची यंत्रणा घसरते आहे. असं काही दिसलं तर मुदत संपायच्या आत निगेटिव्हची पट्टी आणि वही दोन्ही घेऊन कारागिराकडे जा. त्या पट्टीवरून त्याला नेमकं कळेल की कुठे हात घालायचा आहे.